बेटांवरची तरुण मुलं आणि चर्चचं सेवाकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजीमध्ये एका मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) तरुण संघाबरोबर काम केलंय, आधी राजधानी सुवा शहरात आणि मग तिथून बोटीने रात्रभर लांब असलेल्या एका छोट्या बेटावर. परत आल्यापासून ओळखीचे, अनोळखी, चर्चमधले, चर्चबाहेरचे सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. पॅसिफिकमधल्या बेटांबद्दल जास्त लिहिलंय कारण मला तेच जवळून माहितीय.

बेटावर कसले आलेत प्रॉब्लेम? तिथे तर निळा समुद्र आणि नारळाची झाडं!

ते फोटो आपण हॉटेलच्या बाजूने काढलेले बघतो. गावाच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं आहे. फिजीत ३०० च्या वर बेटं आहेत, त्यातल्या शंभरेक बेटांवर वस्ती आहे, आणि बऱ्याच ठिकाणी गावातली शाळा आठवीपर्यंतच, पुढे शिकायचं तर पोराला दुसऱ्या बेटावर नातेवाइकाकडे किंवा होस्टेलला पाठवायचं. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी घर सुटतं. शिकून परत आलं तर गावात नोकरी नाही, शहरात राहिलं तर घरभाडं परवडत नाही, आणि सगळ्यात हुशार जे असतात ते न्यूझीलंड नाहीतर ऑस्ट्रेलियाला जातात. मागे राहिलेल्या पोराला रोज वाटत राहतं की मी मागे राहिलो. हे वाटणं फार वाईट असतं, दारू, मारामाऱ्या, लहान वयातलं गरोदरपण, ड्रग्ज, यातलं बरंचसं तिथूनच सुरू होतं असं माझं मत आहे.

पण चर्चच का? सरकार, एनजीओ वगैरे नाहीत का?

आहेत, पण त्यांची ऑफिसं राजधानीत असतात. लांबच्या बेटावर नर्स असते, शिक्षक असतात, गावचा प्रमुख असतो आणि पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू असतो, बस. कौन्सेलर तर नसतोच. १७९७ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं जहाज ताहितीला लागलं, १८३० मध्ये त्याच सोसायटीचा मिशनरी जॉन विल्यम्स सामोआला पोचला, आणि त्यानंतर बहुतेक बेटांवर शुभवर्तमान नेलं ते गोऱ्या मिशनऱ्यांपेक्षा पॅसिफिकमधल्याच लोकांनी, ताहिती, सामोआ, टोंगाच्या शिक्षकांनी, होड्यांमधून. त्यामुळे तिथे चर्च ही बाहेरून आलेली संस्था उरलेली नाही, गावाचा कणाच ती आहे. टोंगाच्या १८७५ च्या राज्यघटनेतच रविवार पवित्र पाळायचा असं लिहिलंय. सामोआच्या गावांमध्ये संध्याकाळी प्रार्थनेची वेळ असते, तेव्हा रस्त्यावर कोणी फिरतसुद्धा नाही.

आता सांगा, पोरांपर्यंत पोचायचं तर अजून कुठून पोचणार? आठवड्याला एकदा सगळं गाव जिथे हजर असतं अशी ती एकच जागा आहे.

म्हणजे धर्मांतर करायला जाता ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो विचारायलाच पाहिजे. नाही. ज्या गावांत आम्ही होतो तिथे लोक पाच-सहा पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत, त्यांची गाणी आमच्यापेक्षा सुंदर आणि त्यांचं पवित्र शास्त्राचं पाठांतर आमच्यापेक्षा पक्कं.

२०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण बंदी मोडून आपल्या अंदमानमधल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला आणि मारला गेला, तेव्हापासून "बेटावर मिशन" म्हटलं की लोकांना तेच आठवतं. तो कायदा त्या लोकांच्या जिवासाठी आहे, बाहेरचा साधा आजारसुद्धा त्यांना संपवू शकतो, आणि तो मोडून जाणं मला प्रेमाचं काम वाटत नाही, मग भावना कितीही चांगली असो.

मला सेवाकार्य म्हटलं की दीनबंधू अँड्र्यूज आठवतात. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज, इंग्लंडहून भारतात आलेले अँग्लिकन मिशनरी, १९१५ मध्ये फिजीला गेले, उसाच्या मळ्यांत आपल्या गिरमिटिया (म्हणजे करारावर नेलेल्या) मजुरांची काय अवस्था आहे ते त्यांच्या राहायच्या लाईनीलाईनीत जाऊन बघितलं. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांच्या आसपास भारतीय तिकडे नेले होते, बहुतेक तरुण, आणि त्यांच्यात आत्महत्यांचं प्रमाण भयंकर होतं. अँड्र्यूजनी कोणाचा बाप्तिस्मा केला म्हणून त्यांचं नाव घेतलं जात नाही, त्यांनी रिपोर्ट लिहिला, आवाज उठवला, आणि १९२० मध्ये उरलेल्या मजुरांचे करार रद्द झाले. तरुण माणसं ज्या गोष्टीने मरतायत ती गोष्ट आधी बघायची, हे मी त्यांच्याकडून शिकले.

हिंदू किंवा मुस्लिम मुलं तुमच्या कार्यक्रमांना येतात का?

येतात. फिजीत साधारण पाव लोकसंख्या हिंदू आहे. फुटबॉल, रग्बी, संगणक क्लास, अभ्यासाची खोली सगळ्यांसाठी उघडी, प्रार्थनेच्या वेळी ज्याला थांबायचंय तो थांबतो, ज्याला जायचंय तो जातो. कोणाला फॉर्मवर धर्म विचारत नाही.

ड्रग्जचं खरंच एवढं वाढलंय का?

हो, आणि फार झपाट्याने. पॅसिफिक महासागर हा अमेरिका खंड आणि आशियाकडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला माल नेण्याचा रस्ता झालाय, आणि मधल्या बेटांवर माल उतरवतात, लपवतात, मदत करणाऱ्याला पैशांऐवजी मालच देतात, मग तो तिथेच विकला जातो. जानेवारी २०२४ मध्ये फिजीच्या नांदी भागात एकाच प्रकरणात चार टनांहून जास्त मेथ (मेथॅम्फेटामिन हे ड्रग) पकडलं. नऊ लाखांच्या देशात चार टन! त्यात सुया शेअर करणं आलं, आणि २०२४ या एका वर्षात दीड हजाराच्या वर नवीन एचआयव्ही रुग्ण सापडले, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने साथ जाहीर केली. यात तरुण पोरं खूप आहेत.

इथे चर्चला स्वतःची भाषा बदलावी लागतेय. पूर्वी व्यासपीठावरून "पाप सोडा" एवढं म्हटलं की काम झालं असं वाटायचं. आता पाळकाला एचआयव्हीची टेस्ट कुठे होते, गोळ्या रोज घेतल्या तर माणूस नीट जगतो, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, हे सगळं सांगता आलं पाहिजे, आणि ते रविवारच्या उपासनेतच सांगितलं पाहिजे कारण क्लिनिकच्या दारात पोरगं दिसलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. टोंगात साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था दारू-ड्रग्जच्या व्यसनावर कौन्सेलिंग करते. असं प्रत्येक देशात पाहिजे.

आणि दारू? कावा?

कावा (फिजीत यांगोना म्हणतात) ही दारू नाही, मुळांची पूड पाण्यात कालवून पितात, मान-सन्मानाची गोष्ट आहे, तिला सरसकट वाईट म्हणून चालत नाही. पण रात्री दोन वाजेपर्यंत वडील वाडग्याभोवती बसलेले आणि घरात पोरांशी बोलायला कोणी नाही, असं आठवड्यातून पाच दिवस होत असेल तर त्याबद्दल बोलायला लागतंच. आम्ही काय केलं तर वाडग्याभोवतीच जाऊन बसलो. तिथे गप्पांना तालानोआ म्हणतात, घाई न करता, वाद न घालता बोलत राहायचं. एका वडिलांनी तिथेच पहिल्यांदा सांगितलं की मुलगा शाळेत जात नाहीये हे त्यांना महिनाभराने कळलं.

दारूबद्दल मायक्रोनेशियातलं (पश्चिम पॅसिफिकमधला छोट्या बेटांचा प्रदेश) उदाहरण मला फार आवडतं. मोएन नावाचं बेट आहे (आता त्याला वेनो म्हणतात), तिथे तरुण पोरं पिऊन रस्त्यावर इतका धिंगाणा घालायची की बायकांना बाहेर पडायची भीती वाटायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी चर्चच्या महिला मंडळांमधल्या बायकाच एकत्र आल्या आणि दारूबंदी करून घेतली. चोरटी दारू पुढे चालू राहिली हे खरंय, बंदीने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पण ज्या बायकांनी आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं त्या उभ्या राहिल्या.

आत्महत्येबद्दल चर्चमध्ये बोलता येतं का?

बोलावंच लागतं. फ्रान्सिस हेझल हे येशूसंघी (जेझुइट) फादर मायक्रोनेशियात अनेक दशकं राहिले, आणि त्यांनी १९७० नंतर तिथल्या आत्महत्यांची एकेक नोंद जमा केली, घरी जाऊन, नातेवाइकांशी बोलून. त्यातून जे दिसलं ते अंगावर येतं. बहुतेक पंधरा ते पंचवीस वयाचे मुलगे, आणि कारण म्हणाल तर आई-वडिलांशी किंवा मोठ्या भावाशी झालेलं साधं भांडण. पैसे दिले नाहीत, जेवायला बोलावलं नाही, सगळ्यांसमोर ओरडले. तिथल्या रीतीप्रमाणे मोठ्यांना उलट बोलायचं नाही, राग दाखवायचा नाही, मग पोरगा रुसून लांब जातो, आणि पूर्वी एवढं मोठं एकत्र कुटुंब असायचं की मामा, काकू, आजी कोणीतरी जाऊन समजूत काढायचं. पगाराची नोकरी आली, कुटुंबं चौकोनी झाली, मामा लांब गेला, आणि रुसलेल्याला परत आणायला कोणी उरलं नाही.

सामोआतही साधारण त्याच काळात, १९८० च्या आसपास, तरुणांच्या आत्महत्या एकदम वाढल्या होत्या.

म्हणून आमच्या तरुण संघात एक गोष्ट ठरवून केली, प्रत्येक पोराला एक "मोठं माणूस" ठरवून द्यायचं जे त्याच्या घरातलं नाही. तो रुसला की त्या माणसाने त्याच दिवशी जायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. जाऊन उपदेश करायचा नाही, शेजारी बसायचं, आणि शंका असेल तर स्पष्ट विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बोलायला जागा मिळते. आणि उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि नर्सला बोलवायचं, फक्त प्रार्थना करून घरी पाठवायचं नाही. आत्महत्या केलेल्याचा अंत्यविधी नाकारणारे पाळक मी ऐकलेत, आणि त्या आईचं काय होत असेल ते मला लिहवत नाही.

सगळे सगळ्यांना ओळखतात, मग मुलं मनातलं सांगतात तरी कशी?

हाच खरा प्रश्न आहे आणि इथे माझ्याकडून झालेली चूक सांगते.

त्या छोट्या बेटावर एका सतरा वर्षांच्या मुलीने मला काहीतरी सांगितलं. काय ते इथेही लिहिणार नाही. मी तिला म्हटलं कोणाला सांगणार नाही. आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत, अगदी मनापासून, मी एवढंच म्हणाले की "आपल्यातल्या एका मुलीसाठी प्रार्थना करा, ती कठीण प्रसंगातून जातेय." नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. पण बेटाच्या त्या बाजूला त्या वयाच्या मुलीच तीन होत्या, आणि त्यातल्या दोघी माझ्या शेजारी बसून गात होत्या. मी डोळे मिटून प्रार्थना करत होते तेवढ्या वेळात सगळ्यांना कळलं होतं. सकाळी ती विहिरीवर आली, मी हाक मारली, तिने बादली भरली आणि माझ्याकडे न बघता गेली. पुढचे पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही.

शहरात नाव न घेणं पुरतं. बेटावर नाही पुरत. तिथे "एक मुलगी" म्हणजेच नाव असतं. तेव्हापासून आमचा नियम आहे की मुलांनी सांगितलेली गोष्ट प्रार्थना विनंती म्हणूनसुद्धा बाहेर काढायची नाही, देवाला नाव माहीत असतं, सभेला कळायची गरज नाही. बोलायची जागा अशी निवडायची की बघणाऱ्याला काही कळू नये, जाळं दुरुस्त करताना, खुर्च्या उचलताना, बोटीची वाट बघताना. "कौन्सेलिंग रूम" अशी पाटी लावली तर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही तिकडे.

एकच अपवाद, कोणी मुलावर अत्याचार करतंय किंवा जिवाला धोका आहे असं असेल तर गप्प बसायचं नाही, आणि हे मुलाला बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगायचं.

आणि चर्चच प्रॉब्लेमचा भाग असेल तर?

असतं बऱ्याचदा. हे आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आधी बोललं पाहिजे.

पॅसिफिकमधलं पिटकेर्न बेट घ्या. जेमतेम पन्नासेक माणसांचं बेट, १८८६ नंतर सगळं गाव एकाच पंथाचं झालं, शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणारे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. २००४ मध्ये तिथे लहान मुलींवर पिढ्यान्पिढ्या चाललेल्या अत्याचारांचे खटले उभे राहिले आणि बेटावर राहणाऱ्या सात आरोपी पुरुषांपैकी सहा दोषी ठरले. चर्च होतं, शब्बाथ होता, आणि मुलींना सांगायला एक माणूस नव्हता. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच बोट चालवतो, तोच नातेवाईक, तोच पंच. म्हणून मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीकडे बेटाबाहेरचा एक फोन नंबर असलाच पाहिजे जिथे मुलगी थेट बोलू शकेल, पाळकाला न विचारता.

दुसरं, मार. "छडी आवरू नये" हे नीतिसूत्रांतलं वचन घेऊन पोरांना झोडपणारी घरं खूप आहेत, आणि व्यासपीठावरून त्याला आधार मिळतो. मेंढपाळाची काठी मेंढराला वाट दाखवायला असते, असं एका म्हाताऱ्या फिजियन पाळकांनी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा खोलीत शांतता पसरली होती. मी बाहेरची, मी तेच बोलले असते तर कोणी ऐकलं नसतं.

तिसरं, पैसे. सामोआत काही मंडळ्यांमध्ये कोणत्या कुटुंबाने किती दान दिलं ते मोठ्याने वाचतात. न्यूझीलंडला फॅक्टरीत राबणारा पोरगा घरभाडं थकवून तिकडे पैसे पाठवतो, घरच्यांचं नाव खाली पडू नये म्हणून. तरुण माणसं चर्च सोडतात त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

मुलींसाठी वेगळं काय करतात?

सॉलोमन बेटांवर राजधानी होनियाराजवळ अँग्लिकन सिस्टर्स ख्रिश्चन केअर सेंटर चालवतात, मारहाणीतून निसटलेल्या बायका-मुली तिथे राहू शकतात. फिजीत अँग्लिकन चर्चचं हाऊस ऑफ सारा आहे, तिथे मंडळीतल्याच बायकांना ऐकायचं ट्रेनिंग देतात. सल्ला देण्याचं ट्रेनिंग नाही, ऐकण्याचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

रिकाम्या बसलेल्या मुलग्यांचं काय?

सॉलोमन बेटांवर १९९८ ते २००३ दोन बेटांच्या लोकांमध्ये जो सशस्त्र संघर्ष झाला त्यात टोळ्यांमध्ये कोण गेलं? काम नसलेली, शाळा सुटलेली पोरं. बंदूक हातात आली की पहिल्यांदा कोणीतरी विचारायला लागलं. त्याच वयाची दुसरी पोरं तेव्हा मेलानेशियन ब्रदरहुड या अँग्लिकन बंधुसंघात होती. १९२५ मध्ये इनी कोपुरिया नावाच्या ग्वाडलकनाल बेटावरच्या माजी पोलिसाने हा बंधुसंघ सुरू केला, तरुण मुलगे काही वर्षांचं व्रत घेतात, पगार नाही, लग्न नाही, गावोगाव फिरून सेवा. संघर्षात हे ब्रदर्स दोन्ही बाजूंच्या मध्ये जाऊन उभे राहिले, बंदुका गोळा केल्या. २००३ मध्ये त्यांच्यातला एक ब्रदर बेपत्ता झाला, त्याला शोधायला सहा जण गेले, सातही जणांना मारलं. त्या बेटांवर पोरांना त्यांची नावं पाठ आहेत.

पण सगळ्यांनी काही व्रत घ्यायचं नसतं, पोट आहे. सालेशियन (एक कॅथलिक संघ) फादर्सच्या डॉन बॉस्को शाळा होनियारात आणि सामोआत आहेत, तिथे सुतारकाम, वेल्डिंग, गाडी दुरुस्ती शिकवतात, आणि बेटावर बोटीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या पोराला जो मान असतो तो बीए झालेल्याला नसतो.

बाहेर कामाला जाणं हाही रस्ता आहे. न्यूझीलंडने २००७ पासून फळबागांसाठी हंगामी कामगारांची योजना चालू केली, पोरं साधारण सात महिने जातात, पैसे घेऊन येतात, घरं बांधली जातात. पण बाप सात महिने नसतो, आणि तिकडे एकटेपणात कोणी दारूला लागतो, कोणी दुसरं घर करतो. जायच्या आधी नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलणं आणि तिकडच्या एखाद्या मंडळीशी गाठ घालून देणं, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपवर येऊ का?

भिंत रंगवायला येणार असाल तर नको. भिंती रंगवणारी पोरं तिथे खूप आहेत, त्यांनाच काम नाहीये.

आपल्याकडे असं कुठे आहे का?

निकोबार. तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, बिशप जॉन रिचर्डसन हे स्वतः निकोबारी, त्यांनी बायबल निकोबारी भाषेत आणलं, पहिल्या लोकसभेतही ते होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तिथे फक्त घरं नेली नाहीत, तुहेत म्हणजे त्यांची मोठी एकत्र कुटुंबंही विस्कटली, लोकांना लांब लांब छावण्यांत आणि मग नवीन वस्त्यांत ठेवलं. वर हेझल फादरांनी मायक्रोनेशियाबद्दल जे बघितलं ते परत एकदा वाचा.

मला खरंच जायचंय, तयारी काय करू?

किमान वर्षभर राहायची तयारी असेल तरच निघा, आणि तिथल्या मंडळीने बोलावलं असेल तरच. भाषा शिका, फिजियन नाहीतर फिजी हिंदी, दुसरी तुम्हाला पटकन जमेल. स्वतःची पोलीस पडताळणी करून कागद बरोबर न्या, मुलांशी काम करणाऱ्याकडे तो मागितलाच पाहिजे, मागितला नाही तरी द्या. पहिले तीन महिने काही सुरू करू नका, खुर्च्या उचला, गाणी शिका, मासे साफ करायला बसा. कोणी काही सांगितलं तर ऐका आणि तिथेच ठेवा.

ती मुलगी, जिच्याबद्दल वर लिहिलं, मी निघायच्या आदल्या संध्याकाळी आली होती. चटई घेऊन आली, तिने विणलेली, बोटीत खाली घालायला. बोलली फारसं नाही. आम्ही दोघी जेट्टीवर बसलो, भरती येईपर्यंत, आणि मी काही विचारलं नाही.